हार घातला, पण यंत्र तपासले का?

घाटकोपर म्हटले की आपल्या माणसाला रमाबाई आंबेडकर नगर आणि 11 जुलै 1997 चा गोळीबार आठवतो. त्याच घाटकोपरच्या पश्चिम भागात, सर्वोदय नगरात, 28 जून 2018 रोजी भर दुपारी एक लहान विमान कोसळले. विमानातील चौघे ठार झाले आणि खाली रस्त्याने जाणारा एक बांधकाम मजूरही ठार झाला. विमान पडले तेथे इमारतीचे काम चालू होते. बरेचसे मजूर जेवणाच्या सुट्टीत होते म्हणून वाचले, नाहीतर आकडा किती झाला असता कोण जाणे.

हे बीचक्राफ्ट किंग एअर जातीचे विमान पूर्वी उत्तर प्रदेश सरकारचे होते. अलाहाबादला त्याला अपघात झाला, मग 2014 मध्ये ते एका खासगी कंपनीला विकले गेले. पुढे ते दुरुस्तीत पडून राहिले आणि अखेर चाचणीसाठी जुहूहून उडाले. आत प्रवासी कोणी नव्हते. दोन वैमानिक, एक देखभाल अभियंता आणि एक तंत्रज्ञ, म्हणजे चौघेही नोकरीवरची माणसे. उड्डाणापूर्वी विमानाची पूजा झाल्याचे बातम्यांत आले होते. पूजेमुळे विमान पडले असे आम्ही म्हणत नाही. पूजेने ते वाचले नाही, एवढेच आमचे म्हणणे.

ऑक्टोबर 2023 मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत शिकाऊ वैमानिकांची दोन विमाने पडली. तेव्हा सरकारने त्या प्रशिक्षण संस्थेचे काम थांबवले आणि देखभालीतील उणिवांवरही बोट ठेवले.

देखभालीतली हयगय माणसे कशी मारते, हे अमेरिकेतील शार्लट येथील अपघाताच्या चौकशीत अगदी तपशिलाने बाहेर आले. 8 जानेवारी 2003 रोजी एअर मिडवेस्ट कंपनीचे 19 आसनी विमान उडाले, त्याचे नाक वर वर जात राहिले आणि विमानतळावरच ते कोसळले. 21 माणसे गेली. दोनच दिवस आधी रात्रपाळीत त्याच्या शेपटीकडील फळी हलवणाऱ्या तारेचा ताण जुळवला होता. ज्या कारागिराने हे केले, तो या जातीच्या विमानावर ते काम पहिल्यांदाच करत होता. त्याला शिकवणारा आणि त्याचे काम तपासणारा माणूस एकच. पुस्तकातल्या काही पायऱ्या गाळल्या गेल्या आणि शेवटची चाचणी, जिच्यात चूक दिसली असती, तीही झाली नाही. कागदावर मात्र सही पडली. नाक खाली आणायला फळी जेवढी वळायला हवी, तेवढी वळेना. तरीही विमानाच्या पुढच्या काही फेऱ्या सुखरूप झाल्या. आपल्या कोल्हापूरच्या भाषेत, "चालतंय की!" मग एके सकाळी माणसे आणि सामान जास्त भरले गेले, वजन शेपटीकडे गेले आणि चालायचे थांबले. 2005 मध्ये कंपनीने मृतांच्या नातेवाइकांची जाहीर माफी मागितली.

आम्ही हे शिरोली एमआयडीसीत बसून लिहितो आहोत. येथे फौंड्री आणि मशिनशॉपमध्ये आपले शेकडो बांधव राबतात. खंडेनवमीला प्रत्येक मशिनला झेंडूची माळ पडते, पेढे वाटले जातात. पण प्रेसचा गार्ड काढून ठेवलेला, क्रेनची साखळी झिजलेली, असे चित्र काही ठिकाणी दिसते. कारकुनी करताना चेकशीट हातात येतात. महिन्याच्या तीसही दिवसांच्या खुणा एकाच पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या चटकन ओळखू येतात. खाली सही असते ती बहुधा ठेकेदाराकडच्या नवख्या पोराची. अपघात झाला तर कागदावर त्याचेच नाव! तथागतांनी अखेरच्या उपदेशात अप्रमाद सांगितला. तो विहारात म्हणायचा आणि कामावर विसरायचा, असे कसे चालेल?

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. 1946 च्या दुरुस्तीने कारखान्यातले आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आले. थकलेल्या हाताची चूक किती महाग पडते, हे डबल ड्यूटी करणाऱ्याला सांगायला नको. पुढे 1948 च्या कारखाने कायद्याने क्रेन आणि साखळ्या वर्षातून एकदा, तर लिफ्ट सहा महिन्यांतून एकदा जाणकाराकडून तपासून घेणे मालकावर बंधनकारक केले. तपासणीची जबाबदारी मालकाची आहे, हेल्परची नव्हे.

म्हणून जे पाहिले नाही त्यावर सही करू नका. "गार्ड नाही, दुरुस्ती बाकी" असे तारीख घालून लिहा आणि नक्कल घरी ठेवा. भगिनींनीही घरी एवढे विचारावे की आज कशावर सही केली. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या वसाहतीत ज्यांच्याकडून अशा सह्या घेतल्या जातात, त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात थांबावे. अर्ज कसा लिहायचा ते आम्ही दाखवू. चेकशीटची झेरॉक्स मिळाली तर सोबत आणावी.