लाकडाची धूळ आणि डस्ट कलेक्टर : घरच्या सुतारकामात घ्यायची काळजी



आपल्या सिंधुदुर्गाला लाकूडकाम नवीन नाही. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं आणि खेळणी सगळ्यांना माहीत आहेत. मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर होड्यांची कामं चालतात. गावागावांत फणसाच्या लाकडाची दारं-खिडक्या होतात आणि चतुर्थी जवळ आली की मखरांची, माटवीची घाई सुरू होते. पूर्वी हे सगळं रंधा, करवत आणि पटाशीवर चालायचं. आता घराच्या पडवीत किंवा मांगरात कटर, सँडर, राउटर अशी विजेची यंत्रं आली आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांमध्ये सुतार, होडी बांधणारे आणि पारंपरिक खेळणी बनवणारेही आहेत. त्यांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते.

यंत्रांच्या मागोमाग काही घरांत डस्ट कलेक्टर, म्हणजे धूळ ओढून घेणारं यंत्रही येतं. पण ‘यंत्र लावलं, आता धूळ संपली’ असा समज मात्र चुकीचा आहे. डस्ट कलेक्टर दिसणारा भुसा चांगला उचलतो. खरा धोका न दिसणाऱ्या धुळीचा असतो. ती पकडायची असेल तर यंत्र कसं वापरायचं, हे आज समजून घेऊया. आपल्या वर्गात सुतारांची, चितारींची मुलं आहेत. त्यांचं घर आणि कारखाना बऱ्याचदा एकच असतो, म्हणून हा विषय शाळेचाही आहे.

भुसा वेगळा, धूळ वेगळी

रंधा मारला की कुरळी सालं पडतात. हातकरवतीतून जाडसर भुसा (मालवणीत ‘भुसो’) पडतो. हे दोन्ही जड असल्यामुळे लगेच खाली बसतात आणि झाडून काढता येतात. सँडर मात्र लाकूड घासून त्याचं पीठ करतो. त्यातले कण किती बारीक असतात? माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १० मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकातून पुढे जाऊ शकतात आणि ४-५ मायक्रॉनच्या आतले थेट फुप्फुसात खोलवर पोचतात. सगळ्यात बारीक कण स्थिर हवेतही तासन्‌तास तरंगतात. काम थांबवून, झाडून, हातपाय धुऊन आपण जेवायला बसतो, पण त्या खोलीतली धूळ अजून हवेतच असते.

या धुळीने शिंका, खोकला, दमा, डोळे चुरचुरणं आणि त्वचेवर पुरळ असे त्रास होतात. साग, शिसम यांसारख्या लाकडांची अनेकांना अॅलर्जी असते. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या हाय विकम भागातल्या फर्निचर कारागिरांमध्ये नाकाच्या आतल्या भागाचा एक दुर्मिळ कर्करोग नेहमीपेक्षा जास्त आढळला. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ गट १ मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत नोंदवली. हा धोका वर्षानुवर्षं धुळीत काम करणाऱ्यांना असतो. एक दिवस भुशात खेळलेल्या मुलाबद्दल घाबरून जायचं कारण नाही. पण रोज त्याच पडवीत अभ्यासाला बसणाऱ्या मुलाचा विचार करायलाच हवा.

मखरासाठी एमडीएफचे बोर्ड कापत असाल तर जास्त जपा. त्याची धूळ फार बारीक असते आणि बोर्ड चिकटवायला बहुधा फॉर्माल्डिहाइड असलेलं रसायन वापरलेलं असतं.

धूळ पेट कशी घेते?

हे वर्गातल्या गणितातूनच समजतं. १० सेंमी बाजूचा लाकडी ठोकळा घ्या. त्याचं पृष्ठफळ ६०० चौ. सेंमी. त्याचे १ सेंमीचे तुकडे केले तर १००० तुकडे होतात आणि एकूण पृष्ठफळ ६००० चौ. सेंमी होतं. १ मिमीचे केले तर ६ चौ. मीटर आणि ०.१ मिमीचे केले तर ६० चौ. मीटर! लाकूड तेवढंच, पण हवेला भिडणारी बाजू वर्गखोलीच्या जमिनीपेक्षाही मोठी. म्हणूनच ओंडका सावकाश पेटतो आणि न्हाणीच्या चुलीत मूठभर बारीक भुसा भिरकावला की भपकन जाळ उठतो. मुलं हे गंमत म्हणून करतात. त्यांना कारण सांगून थांबवा.

धान्याच्या पिठाचंही तसंच आहे. इटलीतल्या तुरीन शहरात १४ डिसेंबर १७८५ रोजी पिठाच्या कोठारात दिव्यामुळे हवेतलं पीठ पेटून स्फोट झाला होता. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१२ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन लाकूड गिरण्यांत धुळीचे स्फोट झाले आणि प्रत्येक ठिकाणी दोन कामगार दगावले. त्या मोठ्या गिरण्या होत्या. घरच्या छोट्या जागेत स्फोटापेक्षा आगीची शक्यता जास्त असते. पण डस्ट कलेक्टरच्या पिशवीत सुका भुसा, हवा आणि वारा एकत्र असतातच. ठिणगी तेवढी पोचायची बाकी असते.

यंत्र काम कसं करतं?

मोटरवरचा पंखा पाइपमधून हवा ओढतो. हवेबरोबर भुसा येतो, जाड भुसा खालच्या पिशवीत पडतो आणि हवा वरच्या कापडी पिशवीतून गाळून बाहेर जाते. काही यंत्रांत आधी सायक्लोन, म्हणजे नरसाळ्यासारखं पिंप असतं. त्यात हवा गरगर फिरते, जड कण कडेला फेकले जाऊन खाली पडतात आणि पुढची गाळणी लवकर तुंबत नाही.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट गाळणीची. ३० मायक्रॉनची कापडी पिशवी जाड भुसा अडवते आणि बारीक धूळ खोलीत परत सोडते. म्हणजे जमीन स्वच्छ आणि हवा घाण. यंत्र घेताना १ मायक्रॉनपर्यंत अडवणारी पिशवी किंवा फिल्टर आहे का, हे विचारून घ्या.

दुसरी गोष्ट अंतराची. हाताच्या तळव्यावर लांबून फुंकर मारा, वारा लागतो. आता तेवढ्याच अंतरावरून हवा आत ओढा, तळव्याला काहीच कळत नाही. ओढणारी हवा फार जवळचंच ओढते. ४ इंची पाइपच्या तोंडापासून ४ इंच लांब गेलं की ओढीचा वेग जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणून पाइप कोपऱ्यात ठेवून उपयोग नाही. जिथे पातं लाकडाला लागतं तिथेच त्याचं तोंड हवं. पाइप आखूड आणि सरळ ठेवा, सांधे घट्ट बसवा.

सुरक्षित वापराचे नियम

१. जागा : जमल्यास कलेक्टर खोलीबाहेर, पावसापासून आडोशाला ठेवा. त्याची हवा स्वयंपाकघराकडे, विहिरीकडे किंवा शेजाऱ्यांच्या दाराकडे जाऊ देऊ नका.

२. वीज : २ एचपीची मोटर ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर लावू नका, १६ अँपिअरचा पॉइंट घ्या. कटर आणि कलेक्टर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर नकोत. वायर गरम लागली तर काम थांबवा.

३. अर्थिंग : प्लास्टिकच्या पाइपमधून भुसा घासत गेला की स्थिर वीज तयार होते, जशी पट्टी केसांवर घासल्यावर होते. पाइपला तांब्याची तार गुंडाळून ती यंत्राच्या अर्थिंगला जोडतात. आपली जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडी होते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला विसरू नका. हे काम वायरमनकडूनच तपासून घ्या.

४. ठिणगी : जुन्या घराच्या वाशांत खिळे असतात. ते आधी काढा आणि लोहचुंबक फिरवून खात्री करा. लोखंड घासणारा ग्राइंडर या यंत्राला कधीच जोडू नका. जवळ विडी-सिगारेट किंवा उदबत्ती नको.

५. तेलाचे बोळे : जवसाच्या तेलाने पुसलेली फडकी आपोआप तापून पेटू शकतात. ती भुशाच्या पिशवीत टाकू नका. बाहेर मोकळी पसरून वाळवा.

६. वीज गेली तर : पावसाळ्यात वीज येते-जाते. गेल्याबरोबर सगळी बटणं बंद करा. नाहीतर वीज परत आल्यावर पातं अचानक फिरायला लागतं.

७. चोंदलं तर : आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, पंखा पूर्ण थांबल्यावरच हात आत. सैल बाह्या, ओढणी आणि मोकळे केस दूर ठेवा.

८. पिशवी रिकामी करणं : सगळ्यात जास्त धूळ इथेच उडते. यंत्र बंद करून थोडा वेळ थांबा, मास्क लावा आणि वाऱ्याकडे पाठ करून बाहेर रिकामी करा. पिशवी दोन तृतीयांश भरली की लगेच काढा. पावसाळ्यात दमट भुशाला बुरशी येते, म्हणून तो साठवू नका.

९. मास्क : यंत्र असलं तरी सँडिंग करताना एन-९५ किंवा एफएफपी-२ मास्क हवाच. गमछाने बारीक धूळ थांबत नाही.

१०. साफसफाई : काम संपल्यावरही कलेक्टर पाच-दहा मिनिटं चालू ठेवा. कोरडा झाडू किंवा ब्लोअर मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे घरात येण्याआधी बदला.

साध्या लाकडाचा भुसा गोठ्यात किंवा चुलीला वापरता येतो. चुलीत घालताना ओंजळीने उधळू नका, आधीच थरात दाबून ठेवा. एमडीएफ, प्लायवूड आणि रंगवलेल्या लाकडाचा भुसा मात्र चुलीत, गोठ्यात किंवा खतात कुठेच नको.

वर्गात आणि घरी करून पाहा

कौलांतून येणाऱ्या कवडशात धूळ नाचताना मुलांनी पाहिलेली असते. तोच प्रयोग कारखान्यात करायचा. काम संपल्यावर अर्ध्या तासाने खोलीत अंधार करून मोठ्यांपैकी एकाने दारातून टॉर्च मारावा. प्रकाशाच्या पट्ट्यात दाट धूळ दिसली तर गाळणी, पाइपची जागा किंवा सांधे यांत काहीतरी चुकतंय, असं समजा. पट्टा अगदी स्वच्छ दिसला तरी मास्क सोडू नका, कारण सर्वांत बारीक कण टॉर्चमध्येही नीट दिसत नाहीत. ‘भुसा कुठे जातो?’ हा प्रश्न कार्यानुभवाच्या तासाला विचारा. ज्या मुलाच्या घरी यंत्र आहे, त्यालाच पाइपचं चित्र फळ्यावर काढून समजवायला सांगा.

पालकांशी बोलताना त्यांच्या धंद्याला नावं ठेवू नका. त्या भुशावरच घर चालतं, हे आपण विसरायचं नाही. ‘मुलांची अभ्यासाची जागा पडवीतून आत घ्या आणि यंत्र चालू असताना मधलं दार लावा’ एवढंच आधी सांगा. याला एक रुपयाही लागत नाही आणि डस्ट कलेक्टर असो वा नसो, हे आजपासून करता येतं.