आर्मीचा जुना ट्रेलर नव्या जीपमागे लावायचा? नुसता हुक अडकवून भागत नाही!

अशी एखादी रील तुम्हीही पाहिली असेल. अमेरिकेतलं वाळवंट, पुढे नवीकोरी जीप रँग्लर आणि तिच्यामागे हिरव्या रंगाचा, पत्र्याच्या टबासारखा दिसणारा छोटा ट्रेलर. मुक्कामाला पोचल्यावर ट्रेलरवर तंबू उघडतो, बाजूने शेगडी बाहेर येते. खाली कमेंट ठरलेली, "भारी! कितीला मिळाला?"

दिसायला भारी आहेच. पण खरा प्रश्न किमतीचा नाही. हा ट्रेलर ज्या गाडीसाठी बनला ती गाडी आणि आजची जीप यांच्यात फार फरक पडलाय. त्यामुळे कडी, वायरिंग, चाकं आणि ब्रेक या चार गोष्टी नीट जुळवल्या नाहीत, तर हायवेवर हाच ट्रेलर जिवावर बेतू शकतो.

हा ट्रेलर आला कुठून?

१९४० साली अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या बटलर गावच्या 'अमेरिकन बँटम' या छोट्या कंपनीने सैन्याला पहिली जीप बनवून दिली. पण मोठ्या ऑर्डरी मिळाल्या विलिस आणि फोर्डला. बँटमच्या वाट्याला आले ते त्या जीपमागे ओढायचे ट्रेलर. पुढे विलिसनेही तसेच ट्रेलर बनवले. युद्धानंतर एम-१०० आणि साठच्या दशकात एम-४१६ हे त्यांचे वारसदार आले.

या सगळ्यांना 'पाव टनी' ट्रेलर म्हणतात. खडबडीत रानात त्यात ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो सामान भरायचं, असा हिशोब. टब पाणबंद असल्यामुळे नदी ओलांडताना ट्रेलर चक्क तरंगतो. आत साचलेलं पाणी काढायला तळाला बुचं असतात.

स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्राने मुंबईत जी विलिस जीप जुळवायला घेतली, ती याच घराण्यातली. म्हणून आपल्याकडच्या थारवाल्यांनाही या ट्रेलरचं आकर्षण वाटतं.

आधी रंगाकडे बघा

जुना ट्रेलर आणला की पहिला मोह होतो ग्राइंडर फिरवायचा. थांबा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. ऐंशीच्या दशकापासून अमेरिकी सैन्य रासायनिक हल्ल्यात टिकणारा खास रंग वापरू लागलं. तो घासला किंवा त्यावर वेल्डिंग केलं, तर निघणारी धूळ आणि धूर फुप्फुसांना घातक असतो. तोंडाला रुमाल बांधून इथे काही होत नाही. योग्य फिल्टरचा मास्क हवा, नाहीतर हे काम जाणकाराकडे द्यावं.

कडी : खडखडाट की सोय?

सैन्याच्या ट्रेलरला पुढे जाड लोखंडी कडी असते आणि गाडीला जबड्यासारखा बंद होणारा हुक. दोघांत थोडी ढिलाई मुद्दाम ठेवलेली असते. खड्ड्यात जीप एकीकडे आणि ट्रेलर दुसरीकडे कलला तरी सांधा मोडत नाही. तोटा एवढाच, की डांबरी रस्त्यावर ती ढिलाई सतत खडखडते आणि धक्के देते.

आजच्या गाड्यांना बहुतेक वेळा गोळा असतो. तो रस्त्यावर शांत चालतो, पण जास्त कलल्यावर अडतो. म्हणून रानात जाणारे लोक तिन्ही दिशांना फिरणारी कपलिंग बसवतात. काहीही बसवा, पण दोन साखळ्या हव्यातच. त्या ट्रेलरच्या दांडीखालून फुलीसारख्या न्यायच्या. हुक सुटलाच तर दांडी साखळ्यांच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही.

वायरिंग : २४ व्होल्ट विरुद्ध १२ व्होल्ट

दुसऱ्या महायुद्धातली जीप ६ व्होल्टची होती. पन्नासच्या दशकापासून अमेरिकी सैन्याच्या गाड्या २४ व्होल्टवर गेल्या. तुमची गाडी १२ व्होल्टची. २४ व्होल्टचा बल्ब १२ वर मिणमिणतो, ६ व्होल्टचा जळून जातो. प्लगही जुळत नाही, कारण सैन्याचा प्लग १२ पिनांचा आणि आजच्या अमेरिकी गाडीचा ४ किंवा ७ पिनांचा.

यावर सरळ उपाय म्हणजे जुनी वायर काढून नवी ओढायची आणि १२ व्होल्टचे एलईडी दिवे लावायचे. अर्थिंगसाठी कडीवर किंवा गंजक्या सांगाड्यावर विसंबायचं नाही, त्याची वेगळी वायर प्लगपर्यंत न्यायची. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर लुकलुकणं, असले चमत्कार बहुतेक वेळा खराब अर्थिंगमुळेच होतात.

चाकं : १३ इंचांचा घोळ

जुन्या विलिस जीपच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर साधारण ४९ इंच. २००७ नंतरच्या रँग्लरचं जवळपास ६२ इंच. त्या जीपच्या मापाचा ट्रेलर ओढला की त्याची चाकं पुढच्या गाडीच्या चाकोरीतून जातच नाहीत. वाळूत किंवा चिखलात ती स्वतःची नवी वाट खोदत येतात आणि इंजिनावर उगाच ताण येतो.

बोल्टचंही तेच. जुन्या चाकाला पाच बोल्ट साडेपाच इंची वर्तुळात, नव्या रँग्लरला पाच बोल्ट पाच इंची वर्तुळात. म्हणून जाणकार जुना अ‍ॅक्सल काढून गाडीच्या मापाचा नवा बनवून घेतात. मग गाडी आणि ट्रेलर दोघांना एकच स्टेपनी चालते. दूर रानात याची किंमत कळते.

टायर 'नवे दिसतात' म्हणून ठेवू नका. बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१२ म्हणजे २०१२ सालचा ३२ वा आठवडा. असा टायर नक्षी शाबूत असली तरी बदलायचा. हबमधले बेअरिंगही उघडून, साफ करून, नवं ग्रीस भरायचं.

ब्रेक : खरा धोका इथे आहे

यातल्या बहुतेक पाव टनी ट्रेलरना चालताना लागणारे ब्रेक नसतात. असतो तो फक्त हँडब्रेक, उभं करून ठेवण्यापुरता. सावकाश जाणाऱ्या ताफ्यात ते चालून जायचं. पण वेग ताशी ५० वरून १०० किलोमीटर झाला, की थांबवायची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. ती सगळी एकट्या जीपच्या ब्रेकवर येते.

त्यात आपण तंबू, पाण्याची टाकी, बॅटरी, फ्रीज चढवत जातो. पाव टनाचं गणित कधीच मागे पडतं. म्हणून नवा अ‍ॅक्सल बसवतानाच त्यावर इलेक्ट्रिक ब्रेक घ्यावेत. गाडीची ओढायची मर्यादाही तपासा. मागच्या पिढीच्या दोन दारी रँग्लरची मर्यादा २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो होती.

वजन कुठे ठेवलंय यालाही तेवढंच महत्त्व आहे. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर पडला पाहिजे. ५०० किलोचा ट्रेलर असेल तर ५० ते ७५ किलो. सगळं जड सामान मागे टाकलं, की ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो आणि गाडीलाही हलवतो. तसं झालंच तर जोरात ब्रेक मारायचा नाही आणि वेगही वाढवायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. ट्रेलरचे ब्रेक वेगळे लावता येत असतील तर तेवढेच हळूच लावा.

आणि कागदपत्रं?

अमेरिकेत सैन्याकडून निघालेल्या वाहनासोबत एसएफ-९७ नावाचा फॉर्म येतो. त्यावरून मालकीचा कागद काढता येतो. जुन्या हातांतून आलेल्या ट्रेलरचे कागद अनेकदा हरवलेले असतात, म्हणून पैसे देण्याआधी तेच मागा. ट्रेलरवरची धातूची पाटी घासून टाकू नका. ओळख तिच्यावरच असते.

आपल्याकडे हे करायचं डोक्यात असेल तर एक लक्षात ठेवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र 'मोटार वाहन' धरलंय. म्हणजे त्याची वेगळी नोंदणी लागते. वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर याच कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत. त्यामुळे वेल्डरकडे जाण्याआधी आरटीओत जा.

बजेट कमी असेल तर क्रम असा ठेवा : बेअरिंग आणि टायर, मग कडी आणि साखळ्या, मग दिवे, मग अ‍ॅक्सल आणि ब्रेक. हे होईपर्यंत ट्रेलर हायवेवर काढायचा नाही. तंबू, शेगडी आणि रील सगळ्यात शेवटी.