शाळेची दुरुस्ती वेळेत का होत नाही?

जून उजाडला की अनेक वस्त्यांत एकच दृश्य दिसते. शाळा उघडली आहे, पण वर्गांत सेंट्रिंगच्या बल्ल्या उभ्या आहेत आणि मुले व्हरांड्यात दाटीवाटीने बसली आहेत. कमिटीला विचारावे तर उत्तर ठरलेले: मजूर काम करीत नाहीत. हे उत्तर आम्हाला पटत नाही.

आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे. माग उभा राहिला तर आम्ही आधी पाहतो की वीज आहे काय, बीम चढला आहे काय, कांड्या भरल्या आहेत काय. विणकराला दोष त्यानंतर. बांधकामाचेही तसेच आहे. गवंडी सकाळी हजर आहे आणि रेती दुपारी आली, तर त्याचा व त्याच्या हाताखालच्या बिगाऱ्यांचा अर्धा दिवस वाया गेला. रोज मात्र पूर्ण द्यावाच लागतो. म्हणजे तोटा मजुराच्या आळसाचा नव्हे, आपल्या बेहिशेबीपणाचा आहे.

आता उलटा हिशेब करून पाहू. विदर्भ सोडला तर आपल्याकडे शाळा 15 जूनच्या सुमारास उघडतात. रंगासाठी शेवटचे 4 दिवस धरा. त्याआधी प्लास्टरला पाणी मारण्याचे 7 दिवस आणि प्लास्टरचे 4 दिवस. म्हणजे 31 मेला स्लॅबखालचे टेकू निघाले पाहिजेत. भारतीय मानक 456 (2000) नुसार साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू साध्या सिमेंटसाठीही किमान 14 दिवस ठेवावे लागतात. म्हणून स्लॅब 17 मेपर्यंत पडायलाच हवा. सळई बांधणी व सेंट्रिंगला 8 दिवस आणि जुने छप्पर उतरवायला आठवडा धरला, तर काम 2 मेला सुरू झाले पाहिजे. या हिशेबात एक दिवसही शिल्लक राहत नाही. फ्लाय ॲशचे सिमेंट वापरल्यास पाणी किमान 10 दिवस मारावे लागते. अशा वेळी टेकूची मुदत इंजिनिअरलाच विचारावी.

हे दिवस मजूर वाढवून कमी होत नाहीत. सिमेंट आपल्या वेळेनेच पक्के होते. घाईने टेकू काढणे म्हणजे मुलांच्या डोक्यावर कच्चे छप्पर ठेवणे होय. वेळ वाचवायचा तो एप्रिलमध्ये.

त्यासाठी चार गोष्टी कराव्यात. पहिली, चंदा आधी आणि काम नंतर. चंदा जमेल तसे बांधू म्हटले की काम मधेच थांबते आणि गवंडी दुसरीकडे जातो. दुसरी, सळई, विटा, रेती व पाण्याची सोय परीक्षा संपण्यापूर्वी पक्की करावी. तिसरी, मे महिन्यात काम सकाळी 6 ला सुरू करावे, भर उन्हात विश्रांती द्यावी व अस्रनंतर पुन्हा लागावे. चौथी, रोज संध्याकाळी किती ब्रास प्लास्टर झाले व कोणत्या मालासाठी काम अडले, हे वहीत लिहावे. आठ दिवसांत खरे कारण समोर येते.

ईदही हिशेबात धरली पाहिजे. 2025 साली बकरी ईद 7 जूनला आली आणि ती दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकते. बाहेरगावचे कारागीर ईदला घरी जाणारच, तो त्यांचा हक्क आहे. त्यांच्या सुटीचे दिवस ठेकेदाराशी आधीच ठरवावेत. स्लॅबला पाणी मारायला तेवढे दिवस वस्तीतला माणूस नेमावा.

शेवटी मजुरीबद्दल. मजुराचा मोबदला अडवून ठेवू नये, ही दीनची ताकीद आहे आणि धंद्याचे शहाणपणही तेच सांगते. हप्ता वेळेवर मिळणारा गवंडी दुसऱ्या साइटकडे पाहत नाही. लोकांनी दिलेला पैसा ही अमानत आहे, तसे मुलांचे शाळेचे दिवसही अमानतच आहेत. दोन्हींचा हिशेब आपल्याला द्यावा लागेल.