चाईवरची गोळी

नंदगडात चाई घरच्यांच्या आधी बहुतेक वेळा न्हाव्याला दिसते. मान खाली घालून बसलेल्या पोराच्या डोक्यामागे रुपयाएवढा चट्टा. खपली नाही, कोंडा नाही, कातडी एकदम गुळगुळीत. कडेचे तुटके केस उजेडात नीट पाहावेत: वर जाड, मुळाशी बारीक, उद्गारचिन्हासारखे. डॉक्टरही हीच खूण शोधतात.

मग घरात 'कीड लागली' सुरू होतं. कोणी कांद्याचा रस चोळतं, कोणी गुंज उगाळून लावतं. इंद्रलुप्तावर, म्हणजे चाईवर, गुंजेचा लेप हा आयुर्वेदातला जुना उपाय आहे, पण गुंजेचं बी चावून पोटात गेलं तर जीव जाऊ शकतो. लहान मुलांच्या घरात हा प्रयोग करू नका, हे हात जोडून सांगतो.

कीड मुळात नसतेच. केसाचं मूळ एरवी शरीराच्या पहारेकरी पेशींच्या नजरेआड असतं. ही आड सुटली की टी-पेशी मुळाभोवती गोळा होतात आणि इंटरफेरॉन गामा सोडतात. ते पोचलं की मूळच उलट इंटरल्युकिन-15 सोडतं आणि त्यानं टी-पेशी आणखी चवताळतात. हे दोन्ही निरोप पेशीच्या आत पोचवतात ती जेएके नावाची विकरं. बॅरिसिटिनिब आणि टोफासिटिनिब ही औषधं त्याच विकरांना अडवतात. निरोप दारातच थांबतो, पेशी पांगतात. मूळ तोवर मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. ते पुन्हा केस धरतं. केस उगवणं हे मुळाचं काम, गोळी फक्त भांडण थांबवते. म्हणूनच पुरुषांना वयाबरोबर पडणाऱ्या टकलावर ती घेऊन काही उपयोग नाही.

ही औषधं आली संधिवातासाठी. 2014 मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉ. ब्रेट किंग यांनी अंगावर जवळजवळ केसच न उरलेल्या एका सोरायसिसच्या रुग्णाला टोफासिटिनिब दिलं आणि काही महिन्यांत त्याच्या डोक्यावर केस आले. जून 2022 मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिबला मान्यता दिली. आपल्याकडच्या औषध दुकानदारांना हे नाव 2021 च्या कोरोनापासून ओळखीचं आहे.

गोळी कोणाला द्यायची, हा खरा प्रश्न. एकदोन चट्टे असतील तर ते बरेचदा वर्षभरात आपसूक भरतात, किंवा चट्ट्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. गोळीचा विचार साधारण निम्मं डोकं रिकामं झाल्यावर. डॉक्टर हिशेब मांडतात तो असा: माथा 40 टक्के, मागची बाजू 24, दोन्ही बाजू 18-18. ज्या चाचण्यांवर बॅरिसिटिनिबला मान्यता मिळाली, त्यांत 1200 प्रौढ होते. रोज 4 मिलिग्रॅम घेणाऱ्या शंभरांतल्या 36 ते 39 जणांचं किमान 80 टक्के डोकं 36 आठवड्यांत भरलं. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत हेच 3 ते 6 जणांचं. म्हणजे बऱ्याच जणांना आठ महिने थांबूनही फळ मिळत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

पण आधी निदान पक्कं हवं. जानेवारी 2025 मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात काही दिवसांत अनेक गावांतल्या लोकांचे केस गळाले, तेव्हा डॉ. हिंमतराव बावसकरांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तशा केसगळतीला ही गोळी काय करणार?

नंदगडहून खानापूर, तिथून बेळगावला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलात की पहिल्याच भेटीत गोळी मिळाली नाही म्हणून नाराज होऊ नका. आपल्या भागात सर्वांत आधी बघायचा तो क्षय. अंगात दबून असलेला क्षय या औषधानं उठू शकतो, म्हणून छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी चुकवायची नाही. कावीळ ब आणि क, एचआयव्ही, रक्तपेशी, यकृत, कोलेस्टेरॉल हेही पाहतात. बॅरिसिटिनिब मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिन. पन्नाशीपुढच्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा हृदयविकार असलेल्या माणसानं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. संधिवाताच्या तशा रुग्णांत टोफासिटिनिबनं हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला आहे. गरोदरपणात ही गोळी नको.

सुरू झाल्यावर मुरमं, सर्दी, थोडं वाढलेलं कोलेस्टेरॉल हे नेहमीचं. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यानं आग होऊन फोड आले तर ती नागीण. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. रक्ततपासणी ठरल्या तारखेलाच.

पहिले केस बहुधा पांढरे, लव असावी तसे येतात. बोट फिरवल्यावर कळतात, आरशात नाही. काळा रंग मागाहून धरतो. डोक्यावरचा केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, त्यामुळे रोज आरशात पाहून जीव खालीवर होतो. त्यापेक्षा महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी फोटो काढावा. आणि डोकं भरलं म्हणून स्वतःच्या मनानं गोळी सोडू नये: सोडलेल्यांपैकी बहुतेकांची चाई काही महिन्यांत परत आली आहे. किती वर्षं घ्यायची आणि महिन्याचा खर्च पेलेल का, हे पहिली गोळी घेण्याआधीच घरात बसून बोलून घ्यावं.