काचेच्या पेटीतील भांडखोर मासे

मुलांच्या हट्टापायी आता खेड्यातल्या ओसरीवरही माशांची काचपेटी दिसते. पण चार दिवसांत एखाद्या माशाची शेपटी कुरतडलेली दिसते, तो कोपऱ्यात दडून बसतो आणि पोरे हिरमुसतात. हा बहुधा रोग नसतो, मारामारी असते. गोठ्यात नवे जनावर बांधले की जुनी जनावरे शिंगे रोखतात, तसेच हे.

म्हणून मासे पारखून घ्या. फायटर जातीचे दोन नर एका पेटीत कधीही ठेवू नका. पट्टेरी टायगर बार्ब दोन-तीनच असले तर इतरांचे पर कुरतडतात. सहा-आठ असले की आपसांतच पाठलाग करतात. तरीही लांब परांचा एंजल त्यांच्यात नकोच.

भांडण जुंपलेच तर दुबळ्याला नव्हे, दांडगटाला बाहेर काढा. त्याला आठवडाभर वेगळ्या भांड्यात ठेवा आणि पेटीतले दगड, झाडे हलवा. परत आल्यावर जुनी हद्द सापडत नाही, मग त्याची रग उतरते. नवा मासा सोडताना आधी जुन्यांना खाऊ घाला व दिवा मालवा. जखमी माशासाठी पाणी स्वच्छ हवे. दर आठवड्याला चौथा हिस्सा बदला. क्लोरीनचे पाणी दिवसभर उघडे ठेवूनच वापरा.

नकोसा झालेला मासा मात्र विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नका. पेट्यांत पाळला जाणारा परदेशी सकर मासा उजनी जलाशयात पसरला आहे आणि त्याचा त्रास मासेमारांना सोसावा लागतो. त्यापेक्षा तो मासा दुकानदाराला परत द्या.