चावी आपल्याच खिशात

गॅस म्हटलं की आपल्याला लाल सिलिंडर आठवतो, नाहीतर हल्ली ओट्यापर्यंत आलेला पाइप. पाइपातून येतो तोच नैसर्गिक गॅस जाळून शेकडो मेगावॉट वीज तयार करणारी यंत्रं आपल्या महाराष्ट्रात चाळीसहून अधिक वर्षं फिरताहेत. त्यांना म्हणतात गॅस टर्बाइन. मी पडले बी. ए. झालेली. या यंत्राच्या वाटेला जायचं मला काहीच कारण नव्हतं. पण महाळुंग्यातल्या आमच्या बचत गटातली एक मैत्रीण एका दुपारी हप्ता भरायला आली आणि तिथंच बसून राहिली.

तिच्या मुलीनं इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केलाय. गॅसवर चालणाऱ्या एका वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये तिला शिकाऊ म्हणून बोलावणं आलं होतं. पाळ्या तीन, त्यात रात्रपाळी आलीच. "ताई, तुम्ही समजवा तिला. तुमचं ऐकेल ती," मैत्रीण म्हणाली. "तिचे बाबा म्हणतात, उरणला स्फोट होऊन माणसं गेली होती. पोरीच्या जातीला कशाला हे?"

ती खोटं सांगत नव्हती. उरणचं वायू विद्युत केंद्र महानिर्मितीचं. १९८२ मध्ये ते सुरू झालं, मुंबईजवळच्या समुद्रातून निघणाऱ्या गॅसवर. आज त्याची क्षमता ६७२ मेगावॉट आहे. १०८ मेगावॉटचे चार गॅसचे संच, आणि त्यांच्यातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर पाण्याची वाफ करून चालणारे १२० मेगावॉटचे दोन संच. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या वाफेच्या विभागात स्फोट झाला आणि तिघांचा जीव गेला. कामावर गेलेली माणसं घरी आली नाहीत. आईनं हे ऐकून घाबरू नये तर काय करावं?

पण समजवायचं तर आधी आपल्याला समजायला हवं ना! आमच्याच सोसायटीत एक काका राहतात. सगळी नोकरी त्यांनी टर्बाइन चालवण्यात घालवली, आता निवृत्त आहेत. आम्ही तिघी, म्हणजे मैत्रीण, तिची लेक आणि मी, त्यांच्याकडे गेलो. चहा होईपर्यंत ते गप्प होते. मग जे बोलायला लागले ते दोन तास.

"चार कामं आहेत बघा," काका म्हणाले. "हवा ओढायची, ती दाबायची, त्यात गॅस जाळायचा, आणि त्या तापलेल्या झोतानं पाती फिरवायची." ऐकायला सोपं वाटतं. पण आतल्या झोताचं तापमान हजार अंशांच्या वर असतं, आणि मिळालेल्या ताकदीतली निम्म्याहून जास्त ताकद तर नुसती हवा दाबण्यातच खर्च होते. उरलेल्या ताकदीवर जनित्र फिरतं. मोठ्या यंत्राचा दांडा मिनिटाला तीन हजार फेरे घेतो. सेकंदाला पन्नास. आपल्या पंख्याच्या लेबलावर '५० हर्ट्झ' लिहिलेलं असतं ना, ते हेच पन्नास.

मला सगळ्यात आवडलं ते यंत्र सुरू करण्याचं शास्त्र. हे यंत्र आपलं आपण सुरू होत नाही. आधी बाहेरच्या विजेवर मोटर लावून त्याला फिरवावं लागतं. मग लगेच ठिणगी नाही! काही मिनिटं नुसती हवा खेळवतात, कारण मागच्या वेळचा न जळलेला गॅस कुठं साचला असेल तर तो निघून जायला हवा. आपण नाही का, गॅसचा वास आला की काडी ओढायच्या आधी दारं-खिडक्या उघडत? अगदी तेच. मग ठिणगी, मग गॅस. ज्वाला लागली की नाही हे बघायला यंत्राला 'डोळे' बसवलेले असतात. काही सेकंदांत त्या डोळ्यांना ज्वाला दिसली नाही तर गॅसची झडप आपोआप बंद. पुन्हा हवा खेळवायची, पुन्हा पहिल्यापासून. साहेब कितीही डोक्यावर उभा असला तरी ही पायरी गाळायची नाही. आणि आता कॉम्प्युटर ती गाळूही देत नाही.

पूर्ण वेग आला की जनित्र बाहेरच्या वीजजाळ्याला जोडायचं. हे कसं असतं विचारल्यावर काकांनी मुलीला उलट विचारलं, "लहानपणी दोरीवर उड्या मारल्यास का? दोघी दोरी फिरवतात आणि तिसरी मध्ये शिरते, तशा?" बाहेरच्या विजेचा ठेका आणि आपल्या यंत्राचा ठेका जुळला की त्याच क्षणी शिरायचं. चुकीच्या क्षणी जोडलं तर दोरी पायात अडकत नाही, अख्खा दांडा हादरतो.

थांबवतानाही तेच. गरमागरम दांडा तसाच उभा ठेवला तर त्याला बाक येतो, म्हणून बंद केल्यावरही तो कित्येक तास हळूहळू फिरवत ठेवतात. आणि सगळीकडची वीज गेली तरी वंगणाचं तेल थांबू नये म्हणून एक पंप बॅटरीवर ठेवलेला असतो. म्हणजे विजेच्या कारखान्यातही वीज जाण्याची सोय करून ठेवावी लागते, गंमतच आहे!

यावरून आपल्या मुळशीची आठवण निघणारच. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. अशा वेळी औष्णिक किंवा गॅसच्या संचांना पुन्हा उठायला बाहेरून वीज लागते. ती पटकन देऊ शकतात जलविद्युत केंद्रं, कारण पाणी सोडलं की चाक फिरतं. त्या दिवशी टाटांची भिरा, भिवपुरी आणि खोपोलीची केंद्रं कामाला आली. त्यातलं रायगडमधलं भिरा चालतं ते आपल्या मुळशी धरणाच्या पाण्यावर. सेनापती बापटांनी १९२१ मध्ये ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेच हे धरण. गावं आपली बुडाली आणि दिवे मुंबईचे लागले, हे आपल्या आज्या सांगत आल्या ते काही उगाच नाही.

गॅसच्या विजेच्या इतिहासातही बायकांचं एक पान आहे, तेही सांगायलाच हवं. गुहागर तालुक्यातला दाभोळचा प्रकल्प, एन्‍रॉनचा. त्याला विरोध करणाऱ्या वेलदूरच्या कोळी स्त्रियांना जून १९९७ मध्ये पोलिसांनी घरात शिरून मारहाण केली, धरून नेलं. ॲम्नेस्टी आणि ह्युमन राइट्स वॉच या संस्थांनी त्याचे अहवाल काढले. १९९९ मध्ये सुरू झालेला तो प्रकल्प दोन वर्षांत बंद पडला. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी झाली, यंत्रं पुन्हा फिरली, तेव्हा बराच काळ बंद राहिलेल्या टर्बाइनांनी बरंच सतावलं. पुढे गॅसच मिळेना, म्हणून पुन्हा सगळं ठप्प. तिथल्या बायकांनी जे सोसलं त्याचा हिशेब मात्र कुठल्याच मेगावॉटमध्ये बसत नाही.

असो. काकांकडे परत येऊ.

"यंत्र चालवणं सोपं. बिघाड ओळखणं म्हणजे नोकरी," ते म्हणाले आणि त्यांनी एक किस्सा सांगितला. पावसाळ्यातली रात्र. टर्बाइनमधून धूर बाहेर पडतो तिथं गोल कड्यावर तापमान मोजणारे बरेच काटे, म्हणजे थर्मोकपल, बसवलेले असतात. सगळ्यांचं तापमान जवळपास सारखं हवं. फार फरक पडला की समजायचं, आत एखादा बर्नर नीट जळत नाही. आपल्या शेगडीची काही भोकं बुजली की तव्यावरची भाकरी एका बाजूला कच्ची राहते, तसं. त्या रात्री एक काटा एकदम खाली आला आणि अलार्म वाजायला लागला. फरक आणखी वाढला असता तर संच ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. जोडीदार म्हणाला, "काटाच बिघडला असेल, त्याला बाजूला काढू या." वरून फोन, संच पडता कामा नये.

"मग तुम्ही काय केलंत?" मुलीनं विचारलं. आतापर्यंत ती एक शब्द बोलली नव्हती.

"शेजाऱ्यांना विचारलं," काका हसले. म्हणजे शेजारच्या काट्यांकडे पाहिलं. बर्नर खरंच बिघडला असेल तर गार झोत एकट्याच काट्यावर येत नाही, आजूबाजूचे काटेही थोडे उतरतात. शिवाय झोत पिळे घेत येतो, त्यामुळे भार कमी-जास्त केला की गार जागाही सरकते. त्यांनी भार थोडा उतरवला. शेजारी जागचे हलले नाहीत, गार जागाही सरकली नाही, तो एकच काटा उड्या मारत होता. तेव्हा कुठं खात्री पटली की आग ठीक आहे, माप खोटं आहे. शोधत गेले तर एका जोडणीच्या पेटीत पावसाचं पाणी! पेटी सुकवली, झाकणाचं रबर बदललं, काटा जागेवर आला.

"पण शेजारी उतरले असते तर?" मुलगी म्हणाली.

"तर संच बंद केला असता. फोनवाल्याला सकाळी उत्तर दिलं असतं."

म्हणूनच महत्त्वाच्या ठिकाणी एकाच मापावर विसंबत नाहीत, तीन लावतात आणि तिघांतले दोघं सांगतील ते कंट्रोल सिस्टीम खरं मानते. वेग ठरल्यापेक्षा साधारण दहा टक्क्यांनी वाढला, वंगणाच्या तेलाचा दाब पडला, थरथर वाढली, ज्वाला विझली, तर माणसाला न विचारता ती गॅस तोडते. अशा वेळी शंभर अलार्म एकदम येतात. त्यातला पहिला कोणता, हे शोधणाराच खरा ऑपरेटर. बाकीचे नुसते मागोमाग येणारे. घरातल्या भांडणाचंही असंच असतं म्हणा!

मैत्रिणीला मात्र या सगळ्यात एकच जाणून घ्यायचं होतं. तिनं शेवटी विचारलं, "माणसं मरतात ती कशानं?"

काका जरा वेळ थांबले. वाफ, उकळतं पाणी, दाब, वीज आणि घाई, असं म्हणाले. मग एक गोष्ट सांगितली ती माझ्या मनातून जात नाही. टर्बाइनच्या बंद कोठीत आग लागली तर विझवायला कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यानं आग विझते, पण आत माणूस असेल तर तोही गुदमरतो. म्हणून दुरुस्तीला आत जाण्याआधी ती यंत्रणा अडवून ठेवायची, वीज आणि झडपा बंद करून त्यांना कुलूप घालायचं, पाटी लावायची. आणि कुलपाची चावी? आत जाणाऱ्याच्या खिशात. सुपरवायझरच्या नाही, ऑफिसच्या खिळ्यावर नाही. "बाळ, कुणी म्हणालं की दोन मिनिटांचं काम आहे, कुलूप कशाला, तर तिथून निघून ये," ते मुलीला म्हणाले.

रात्रपाळीचं मीच पाहिलं, तो भाग माझ्या कामातला. १९४८ च्या कारखाना कायद्यानं बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम करायला मनाई केली होती. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये त्यात दुरुस्ती करून अटींसह परवानगी दिली. केंद्राच्या २०२० च्या संहितेतही स्त्रीची संमती आणि सुरक्षितता या अटी आहेत. अटी कागदावर असतात, म्हणून आम्ही कंपनीला विचारायचे प्रश्न लिहून काढले. रात्री घरी सोडायला गाडी कुठपर्यंत येते, नाक्यापर्यंत की दारापर्यंत? पाळीत दुसरी बाई असते का? स्वच्छतागृह कंट्रोल रूमपासून किती लांब? तक्रार समितीत कोण आहे? शिकाऊ मुलींना कुलूप-पाटीचं प्रशिक्षण पहिल्या आठवड्यात देतात की वर्षानं? मैत्रिणीनं स्वतः फोन लावला. एरवी बँकेतही मला पुढं करणारी बाई! गाडी दारापर्यंत येते म्हणाले. बाकीची उत्तरं तिनं वहीत उतरवून घेतली आणि नवऱ्यापुढे ठेवली.

मुलीला मी काहीच समजावलं नाही. ती रुजू झाली.

काकांनी तिला एक काम दिलंय. पहिले तीन महिने बिघाडाकडे बघायचं नाही, सगळं ठीक असतानाचे आकडे रोज लिहायचे. तेलाचा दाब, थरथर, धुराचं तापमान, बाहेरची हवा. कारण हवा तापली की विरळ होते आणि तेच यंत्र वीज कमी देतं, मेमधला आकडा जानेवारीत खोटा वाटतो. ठीक कसं असतं हे पाठ झालं की बिघाड दुरून कळतो म्हणे. तिनं पहिल्या पंधरवड्यातच दोनशे पानी वही संपवली. आई म्हणते, "शाळेत असताना एवढं लिहिलं असतंन तर!"