अहवाल गेला, माहितीसंच उरला

आकडेवारीच्या आधारे निर्णय घेण्याची पद्धत आता मोठ्या कंपन्यांपुरती राहिलेली नाही. सहकारी बँका, दूध संघ, वीज वितरण कंपन्या, शासकीय महामंडळे यांच्या दैनंदिन कामातही विश्लेषणाच्या संगणकप्रणाली रुळल्या आहेत. अशा प्रणालीत प्रत्येक विभागाला एक सामायिक कार्यक्षेत्र मिळते. त्याला 'वर्कस्पेस' म्हणतात. मूळ नोंदींतून उचललेला माहितीसंच, त्यावर बेतलेले अहवाल आणि अहवालांतील निवडक आलेख एकत्र दाखवणारा फलक, म्हणजे डॅशबोर्ड, या तीन गोष्टी तेथे एकत्र नांदतात. वापरणाऱ्याला अहवाल आणि फलक दिसतात. माहितीसंच पडद्याआड असतो, आणि अडगळ साचते ती नेमकी तेथेच.

ही अडगळ साचते कशी, हे समजण्यासाठी सर्वत्र वापरात असलेल्या मायक्रोसॉफ्टच्या 'पॉवर बीआय' या प्रणालीचे उदाहरण घेऊ. कर्मचारी आपल्या संगणकावर तयार केलेली फाईल कार्यक्षेत्रात प्रकाशित करतो, तेव्हा तेथे दोन वस्तू निर्माण होतात: एक अहवाल आणि एक माहितीसंच. (२०२३ च्या नोव्हेंबरपासून या संचाला 'सिमँटिक मॉडेल' असे नवे नाव मिळाले आहे, वस्तू तीच आहे.) पुढे अहवाल निरुपयोगी ठरून पुसला, तरी संच जागेवरच राहतो. उलट संच पुसला, तर त्यावर उभे असलेले सर्व अहवाल त्याच्याबरोबर जातात. प्रणालीची ही रचना चुकीची नाही. एका संचावर दहा अहवाल उभे असू शकतात आणि त्यांपैकी एक गेला म्हणून पाया उखडणे योग्य नव्हे. मात्र शेवटचा अहवाल गेल्यावरही पाया तसाच राहतो आणि त्याची आठवण कोणाला राहत नाही.

त्यात नावांची भर पडते. तीच फाईल किंचित वेगळ्या नावाने प्रकाशित केली, की नवा संच जन्माला येतो. 'विक्री अंतिम', 'विक्री अंतिम २', 'विक्री अंतिम सुधारित' अशी भावंडे ज्या कार्यक्षेत्रात नाहीत, ते विरळाच. कर्मचाऱ्याची बदली होते, प्रशिक्षणासाठी आलेला विद्यार्थी निघून जातो, सल्लागार संस्थेचा करार संपतो. संच मात्र त्यांच्याच नावावर राहतात.

साठवणीचा खर्च हा गौण प्रश्न

साफसफाईची निकड सांगताना बहुधा जागेचा आणि शुल्काचा मुद्दा प्रथम पुढे केला जातो. तो खोटा नाही. सामायिक क्षमतेवर दिवसातून जास्तीत जास्त आठ वेळा संच ताजा करण्याची मुभा असते आणि कोणी न पाहणारे संचही मूळ नोंदवहीवर तो भार टाकत राहतात. तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते खरी हानी निराळी आहे. उरलेला संच चुकीचे उत्तर देतो आणि ते देताना कोणतीही खूण दाखवत नाही.

राष्ट्रीय उत्पन्नाचे उदाहरण पाहावे. ३० जानेवारी २०१५ रोजी केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने पायाभूत वर्ष २००४-०५ वरून २०११-१२ वर आणले. जुन्या मालिकेत २०१३-१४ या वर्षाचा वाढीचा दर ४.७ टक्के होता. नव्या मालिकेत तो ६.९ टक्के झाला. जुना आकडा घटक खर्चानुसार होता, नवा बाजारभावानुसार; शिवाय आधारसामग्री व पद्धतीही बदलल्या होत्या. पुढील सुधारणांमध्ये ६.९ हा आकडाही खाली आला. यांतील प्रत्येक आकडा आपल्या मालिकेत आणि आपल्या तारखेला बरोबर होता. आता समजा, एखाद्या बँकेच्या संशोधन कक्षात 'जीडीपी' एवढ्याच नावाचे दोन संच पडून आहेत, एक जुन्या मालिकेचा आणि एक नव्या. जुन्या मालिकेतील २०१३-१४ चे सुमारे ५७ लाख कोटी रुपये आणि नव्या मालिकेतील २०१४-१५ चे सुमारे १०६ लाख कोटी रुपये एका तक्त्यात आले, तर चूक नवख्याच्याही डोळ्यांत भरेल. परंतु दोन मालिकांतील वाढीचे दर एकाच आलेखात शेजारी बसले, तर ती सहज निसटते. ४.७ नंतर ७ च्या आसपासचा आकडा आला, तर वाचणारा त्याला अर्थव्यवस्थेची उभारी समजेल आणि कर्जधोरणाच्या टिपणीत तसे लिहूनही टाकेल.

भूगोलही असाच बदलतो. २०११ च्या जनगणनेत देशात ६४० जिल्हे होते. २०१४ मध्ये तेलंगणा राज्य अस्तित्वात आले ते दहा जिल्ह्यांसह. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते ३१ झाले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ३३. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. २०११ च्या मूळ तक्त्यात ठाण्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजार आहे. त्यांतील सुमारे ३० लाख आजच्या पालघरचे आहेत. विभाजनापूर्वीचा लोकसंख्येचा संच कार्यक्षेत्रात राहून गेला आणि कोणी त्याला विभाजनानंतरच्या बँक शाखांची किंवा आरोग्य केंद्रांची संख्या जोडली, तर ठाण्याचे दरडोई प्रमाण खऱ्यापेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी कमी दिसेल. पालघर तर त्या तक्त्यात असणारच नाही. सुविधा कोठे कमी आहेत हे ठरवताना अशी चूक झाली, तर नवी शाखा ठाण्याला मिळते आणि जव्हार-मोखाड्याचा माणूस पूर्वीइतकाच दूर राहतो.

अनाथ कोण, हे कसे ओळखावे

उरलेले संच शोधण्यासाठी प्रणालीत साधने आहेत. कोणता संच कोठून माहिती घेतो आणि त्यावर कोणते अहवाल उभे आहेत, हे दाखवणारा वंशावळीचा तक्ता पॉवर बीआयमध्ये उपलब्ध आहे. अहवाल किती जणांनी उघडला, याचीही नोंद मिळते. येथे दोन सापळे आहेत आणि उत्साही प्रशासक त्या दोन्हींत सापडतात.

पहिला सापळा असा की, ज्यावर एकही अहवाल नाही तो संच अनाथ मानला जातो. प्रत्यक्षात लेखा विभागातील कोणी एक्सेलची फाईल थेट त्या संचाला जोडून आपले मासिक पत्रक काढत असतो. कार्यक्षेत्राच्या यादीत ती फाईल दिसत नाही. संच पुसला, की पत्रक बंद पडते आणि तेव्हाच त्या वापराचा पत्ता लागतो.

दुसरा सापळा कालावधीचा. वापराच्या सहज उपलब्ध नोंदी साधारण गेल्या महिन्याच्याच असतात. सलग दोन महिने कोणी अहवाल उघडला नाही, तर प्रणाली त्या संचाचे नियोजित अद्ययावतीकरण आपणहून थांबवते. म्हणून साठ दिवसांत न वापरलेले सर्व काढून टाकावे, असा नियम मोहक वाटतो. परंतु आपल्या देशातील पुष्कळ कामे वर्षाने फिरतात. खरीप पीककर्जाचा आढावा मे महिन्यात लागतो, अर्थसंकल्पीय अंदाजांची तयारी हिवाळ्यात होते, कृषी गणना तर पाच वर्षांनी येते. त्यामुळे न वापरलेला आणि नको असलेला यांतील भेद यंत्राला कळत नाही. तो संबंधित विभागाला विचारावाच लागतो. अद्ययावतीकरण थांबलेला संच तर अधिक धोक्याचा. त्यातील आकडे थांबल्या दिवसाचे असतात, अहवाल मात्र पूर्वीसारखाच उघडतो आणि नीटनेटका दिसतो.

कागदांच्या युगातील शिस्त

महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत सहा गठ्ठे पद्धत सुपरिचित आहे. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाचे आणि नष्ट करावयाचे, अशी दप्तराची विभागणी तीत असते. नष्ट करावयाच्या कागदांसाठी स्वतंत्र गठ्ठा ठेवावा, हे ज्यांना सुचले त्यांची व्यवहारदृष्टी आजच्या संगणक विभागांपेक्षा सरस होती, असे म्हणावेसे वाटते. कागद पुढे केव्हा नष्ट करायचा, हे त्याचे वर्गीकरण करतानाच ठरे. माहितीसंचाच्या बाबतीत हा प्रश्न तो निर्माण होताना कोणी विचारत नाही. परिणामी त्याचे उत्तर शोधण्याचे काम अशा माणसावर येते, ज्याला त्या संचाचा उद्देशच ठाऊक नसतो.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे, कारण ती दोन दिशांनी ओढते. केंद्र सरकार व त्याच्या उपक्रमांना लागू असलेल्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ नुसार संगणकाने निर्माण केलेली सामग्रीही 'सार्वजनिक अभिलेख' ठरते आणि विहित पद्धतीखेरीज ती नष्ट करता येत नाही. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात, तर वस्तू व सेवा कराचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. अर्थात हे बंधन मूळ हिशेबांवर आहे, विश्लेषणासाठी काढलेल्या प्रत्येक नकलेवर नाही. हा फरक न केल्यामुळे अनेक संस्था घाबरून सर्वच नकला ठेवतात.

याउलट डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ सांगतो की, ज्या उद्देशासाठी व्यक्तीची माहिती घेतली तो संपल्यावर, अन्य कायद्याने ठेवणे भाग नसेल तर, ती पुसली पाहिजे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. राज्यसंस्थेला पुसण्याच्या कलमातून सूट आहे. मात्र माहिती सुरक्षित राखण्यात कसूर झाल्यास असलेली २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद पाहता, कोणाच्याच लक्षात नसलेल्या संचात ग्राहकांची नावे व भ्रमणध्वनी क्रमांक पडून राहणे कोणत्याही संस्थेला परवडणारे नाही. ज्या संचाचे अस्तित्व ठाऊक नाही, त्याचे रक्षण कोण करणार?

पुसण्यापूर्वी

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला जुन्या आकड्यांचा लोभ सुटत नाही, हे मान्य करूनही सांगावेसे वाटते की, ठेवणे आणि पुसणे यांच्यामध्ये तिसरा मार्ग बहुधा असतो. विक्रीच्या जुन्या संचातून व्यक्तिगत तपशील वगळून तालुकानिहाय मासिक बेरजा काढल्या आणि त्या पायाभूत वर्ष, जिल्ह्यांची सीमा-तारीख व मूळ स्रोत यांच्या नोंदीसह अभिलेखात ठेवल्या, तर दीर्घकालीन अभ्यासाची सोय राहते. उरलेला मोठा संच मग निःशंकपणे काढता येतो.

प्रत्यक्ष काम टप्प्यांनी करावे. प्रथम प्रत्येक संचाला एक जबाबदार अधिकारी नेमावा. व्यक्तीच्या नावाने नव्हे, पदाच्या नावाने, म्हणजे बदलीनंतरही जबाबदारी टिकते. ज्याला कोणीच आपला म्हणत नाही, त्याच्या नावापुढे 'काढण्यासाठी प्रस्तावित' असे लिहून तारीख घालावी आणि त्याचे अद्ययावतीकरण थांबवावे. ठरलेल्या मुदतीत तक्रार आली नाही, तर मूळ फाईल उतरवून घेऊन मगच संच पुसावा; पुसलेला संच परत मिळेल असे गृहीत धरू नये. काय पुसले, कोणाच्या संमतीने आणि केव्हा, याची एक ओळ नोंदवहीत राहिली पाहिजे.

वेळेची निवडही महत्त्वाची आहे. ३१ मार्चनंतर लगेच ही मोहीम काढण्याचा मोह होतो, कारण वर्ष संपलेले असते. परंतु कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते आणि वस्तू व सेवा कराचे वार्षिक विवरणपत्र साधारणतः ३१ डिसेंबरपर्यंत भरले जाते. तोवर लेखापरीक्षक कोणता जुना तक्ता मागेल याचा नेम नसतो. उद्योगसंस्थांनी म्हणून जानेवारीचा पहिला पंधरवडा निवडावा. शासकीय कार्यालयांत त्या सुमारास अर्थसंकल्पाची धावपळ असते. तेथे पावसाळी अधिवेशन आटोपल्यानंतरचे आठवडे अधिक सोयीचे.